मृदु पाणी आणि काचेंतील मासे

लोणावळ्यास नवें बिऱ्हाड करणाऱ्या गृहिणीस दोन गोष्टी लौकरच जाणवतात : डाळ चटकन शिजते आणि साबणास भरपूर फेस येतो. येथें वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तो काळ्या पाषाणावरून वाहत वळवणसारख्या तलावांत सांठतो. वाटेंत चुनखडी नसल्यानें पाणी मृदु राहतें. स्वयंपाकघरास जें वरदान, तेंच मुलांनीं हौसेनें मांडलेल्या मत्स्यपेटीस मात्र घातक होऊं शकतें.

पाण्याची आम्लता ज्या परिमाणानें मोजतात त्यास सामू म्हणतात. डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनीं तें १९०९ सालीं योजिलें. सात हा मध्यबिंदु. त्याखालीं एक अंक उतरला कीं आम्लता दसपट होते.

पेटींतील वनस्पती दिवसां कर्बवायु शोषितात, तेव्हां सामू चढतो; रात्रीं वनस्पती व मासे दोघेहि तो वायु सोडितात, तेव्हां सामू उतरतो. शिवाय माशांच्या मलावर जगणारे सूक्ष्म जंतु नित्य आम्ल उत्पन्न करितात. पाण्यांत विरघळलेलीं बायकार्बोनेटें तें आम्ल गिळतात. मृदु पाण्यांत ही पुंजी मुळांतच अल्प. ती सरली कीं सामू एकाएकीं कोसळतो, आणि सकाळीं मुलांच्या दृष्टीस मेलेले मासे पडतात.

अशा वेळीं औषध ओतून अंक सातावर आणणें हा लक्षणावरचा उपाय होय. अंक पुन्हां घसरतो, व हे चढउतारच माशांस अधिक बाधतात. यास्तव अंकामागें न लागतां पुंजी वाढवावी. ठेचलेले शिंपले स्वच्छ धुवून, फडक्याच्या पुरचुंडींत बांधून, पाणी वाहतें असेल तेथें ठेवावे. पाणी आम्ल होईल तसतसे ते अधिक विरघळतात. त्वरा असल्यास शंभर लिटर पाण्यास तीन ग्रॅम खाण्याचा सोडा घालावा. त्यानें कार्बोनेटची कठिणता सुमारें एक अंश वाढते. मात्र तो आधीं विरघळवून दोन दिवसांत थोडा थोडा घालावा. कारण सामू झपाट्यानें चढल्यास पाण्यांतील निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियांत पालटतें. दर आठवड्यास पाण्याचा पांचवा हिस्सा बदलावा, व नव्या पाण्यांतहि त्याच प्रमाणांत सोडा मिसळावा.

कार्बोनेटची कठिणता तीन-चार अंश राहिली म्हणजे चिंता नको. ती आठवड्यांतून एकदां, व सामू सकाळ-सायंकाळ, मुलांकडूनच मोजवून वहींत टिपवावा. मासे जगतील, आणि रसायनशास्त्राचा एक धडा घरच्या घरीं होईल.