वजन पुन्हा वाढले म्हणून तोंड लपवू नका

वजन कमी करण्याचे ऑपरेशन झालेल्या बाईचे वजन तीन-चार वर्षांनी पुन्हा वाढू लागले, की वस्तीत पहिला दोष तिच्या जिभेला लागतो. "एवढा पैसा घातला आणि खाऊन खाऊन पुन्हा तशीच झाली," असे शेजारीण म्हणते, नणंद म्हणते, कधी नवराही म्हणतो. ज्या घराने दागिने गहाण ठेवून किंवा पीएफ काढून ऑपरेशन केले, तिथे हे बोलणे जास्तच लागते. मग ती बाई काय करते? दवाखान्यात जायचेच सोडते. डॉक्टर रागावतील, काट्यावर उभे करतील, म्हणून तपासणीची तारीख चुकवते. वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या आमचे म्हणणे असे, की वाढलेल्या किलोंपेक्षा ही चुकवलेली तारीख जास्त घातक आहे.

आधी ऑपरेशन काय असते ते समजून घेऊ. आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. एक स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा अधिकच भाग कापून काढतात. उरलेले जठर केळ्यासारखे अरुंद राहते. दुसरा बायपास, हा हृदयाचा बायपास नव्हे. यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत थोड्या खाण्याने पोट भरते आणि भुकेची हार्मोन्सही बदलतात. म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वजन झपाट्याने उतरते.

पण शरीर गप्प बसत नाही. वजन उतरले, की दुष्काळ पडल्यासारखे ते वागू लागते. कमी अन्नात भागवायला शिकते, भूक वाढवते, मिळेल ते साठवून ठेवते. हळूहळू एका वेळचा घासही पूर्वीपेक्षा थोडा जास्त जातो. यात लबाडी कोणाचीच नाही. लठ्ठपणा हा मधुमेहासारखा, बीपीसारखा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढले, तर आपण त्या माणसाला हावरट म्हणतो का?

याचा पुरावाही आहे. स्वीडन देशात १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ४ हजारांहून अधिक लठ्ठ माणसे होती. साधारण निम्म्यांचे ऑपरेशन झाले, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार झाले. २००७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. १० वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे ११० किलोची बाई ७५ पर्यंत आली आणि पुढे ८२-८३ वर स्थिरावली, असा त्याचा हिशेब. सात-आठ किलो परत आले, पण सत्तावीस किलो गेले ते गेलेच. शिवाय ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले. तेव्हा थोडे वजन परत आले म्हणजे सगळे पाण्यात गेले, हे म्हणणे चूक आहे.

ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी किती घरांना सांगितली जाते? जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात. 'नंतर'चा फोटो बहुधा वजन सगळ्यात कमी असते तेव्हाचा असतो. पाचव्या किंवा दहाव्या वर्षाचा फोटो कोणी लावत नाही. ऑपरेशनच्या दिवसाचे पैसे घेतात आणि पुढच्या दहा वर्षांची जबाबदारी मात्र एकट्या पेशंटवर टाकतात, ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

म्हणून वजन वाढू लागले, की स्वतःला शिव्या देण्याआधी कारण शोधा. सर्वांत कमी झालेल्या वजनापासून एक-दोन किलो वरखाली होतच असते. चार-पाच किलो वाढले, की मात्र थांबू नका. जिथे ऑपरेशन झाले तिथली फाईल आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मनाच्या आजाराची आणि फिटची काही औषधे यांनी वजन वाढू शकते. ती आपल्या मनाने बंद करू नका. बदलता येतात का, ते डॉक्टरांना विचारा. थायरॉईड तपासून घ्या. रात्रपाळी, अपुरी झोप, घरातला ताण, मनाची उदासी हेही सांगा. दारू घेत असाल तर तेही लपवू नका. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि तिच्यातूनही वजन वाढते.

आता चुलीकडे वळू. ऑपरेशननंतर भाकरी, मटण एका वेळी जास्त जात नाही. पण चहात बुडवलेली खारी, बिस्किटे, फरसाण, वेफर्स, कोल्ड्रिंक हे सहज उतरते आणि पोट भरल्याची खूणही होत नाही. दिवसभर असे थोडे थोडे तोंडात टाकत राहणे हे वजन परत येण्याचे मोठे कारण आहे. त्यात घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून संपवते. तिचे ताट वेगळे आणि आधी वाढले गेले पाहिजे. हे काम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही करायचे आहे.

ताटात प्रथिने आधी खावीत, भात-भाकरी नंतर. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी प्रथिने लागतात. डाएटच्या कागदावर पनीर आणि महागडी पावडर लिहिलेली असते. ते परवडत नाही म्हणून कागदच फाडून टाकू नका. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, दही, चिकन, मासळी हे सगळे आपलेच अन्न आहे. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर असते. सुकट, बोंबील चालतात. बीपी असेल तर धुऊन, मीठ काढून आणि बेताने. जेवताना पाणी पिऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. घास बारीक चावा. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चाला, आणि अंगातली ताकद टिकवणारा थोडा व्यायामही करा.

पौर्णिमेला उपोसथ करून दुपारनंतर न जेवणाऱ्या काही भगिनी संध्याकाळी गोड सरबतावर राहतात. ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय करूच नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. वजन वाढत असतानाही शरीर आतून उपाशी असू शकते. या ऑपरेशननंतर लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची कमतरता होऊ शकते, म्हणून त्यांच्या गोळ्या आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी आयुष्यभर लागते. "वजन वाढले आहे, म्हणजे अंगाला लागतेय" असे समजून गोळ्या बंद करणाऱ्या बाया आम्ही पाहतो. पायाला मुंग्या येणे, धाप लागणे, खूप केस गळणे, चक्कर येणे या खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सारख्या उलट्या होत असतील किंवा शौच काळी होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"दुसरे ऑपरेशन करून टाका," असा सल्लाही मिळतो. दुसऱ्या ऑपरेशनात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. काहींना ते खरोखर लागते, पण ती पहिली पायरी नव्हे. २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही वजनाची इंजेक्शने भारतात आली. ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांनाही डॉक्टर अशी औषधे देतात. पण ती महाग आहेत, बंद केल्यावर वजन बहुधा परत येते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची तर मुळीच नाहीत. कर्ज काढण्याआधी किती महिने घ्यावे लागेल आणि एकूण खर्च किती, हे लिहून घ्या.

आमची मागणी साधी आहे. ऑपरेशनच्या खर्चातच पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या आणि आहाराचा सल्ला धरलेला असावा आणि तो आधीच कागदावर असावा. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत अशा पेशंटांसाठी ठरलेल्या दिवशी ओपीडी असावी आणि लोह, बी-१२ तिथेच फुकट मिळावे. आहार सांगणाऱ्यांनी आधी आमच्या घरात काय शिजते ते विचारावे. महिला मंडळांनी हे निवेदन एकत्र सह्या करून द्यावे. एकटीचे म्हणणे खिडकीवरच अडते.

आणि तोपर्यंत, तुमच्या गल्लीत असे ऑपरेशन झालेली एखादी भगिनी असेल, तर तिला किती वाढलीस हे विचारू नका. शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. तारीख उलटून गेली असेल तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.