ब्रेक नसलेली गाडी

वाचकहो, आमच्या घरात भिंतीवर एक जुने चित्र आहे. काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला. चित्रात एक माणूस मोटारसायकल वळवतो आहे. गाडी डावीकडे इतकी कलली आहे की पाहणाऱ्याला वाटावे, हा आता पडला. पुढचे चाक उजवीकडे, मागच्या चाकातून मातीचा फवारा उडतो आहे, आणि स्वाराचा डावा पाय जमिनीला टेकलेला.

गेल्या रविवारी आमचा भाचा आला. एमआयडीसीत कामाला लागून त्याला वर्ष झाले. हप्त्यांवर नवी गाडी घेतली, ती मामा-मामीला दाखवायला आणली होती. हेल्मेट होते, पण ते कोपरात अडकवलेले. चहा पिता पिता तो चित्राकडे पाहून म्हणाला, "मामा, हा माणूस पडतोय, त्याचा फोटो कशाला लावलाय तुम्ही?"

"पडत नाही रे, वळतोय. आणि त्याच्या गाडीला ब्रेकच नाही."

त्याने कप खाली ठेवला. "ब्रेक नाही? मग थांबतो कसा?"

हाच प्रश्न आम्ही पन्नास वर्षांपूर्वी आमच्या उस्तादांना विचारला होता. शाळा सुटली की आम्ही त्यांच्या गॅरेजात हाताखाली काम करायचो. पाने उचलून द्यायचे, रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, संध्याकाळी झाडून घ्यायचे. तिथे जावा आणि येझदी दुरुस्तीला येत. त्या म्हैसूरच्या कारखान्यात बनत, पण जावाचे मूळ चेकोस्लोव्हाकियाचे. उस्तादांनी रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातून हे चित्र कापून भिंतीला लावले होते. "ही पण जावाच आहे, पण शर्यतीची," ते म्हणायचे. स्वार होता न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर. पुढे गॅरेज बंद झाले तेव्हा उस्तादांनी बाकी सामान विकले आणि चित्र आम्हाला दिले.

या खेळाचे नाव स्पीडवे. मैदानावर बसून तो पाहण्याचा योग आमच्या नशिबी आला नाही. पण रद्दीतली मासिके धुंडाळून आणि अलीकडे मोबाईलवर जुन्या फिल्मा पाहून आम्ही त्याचे वेड जपले आहे.

खेळ समजायला सोपा आहे. मातीची लंबगोल धावपट्टी. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या. सगळे डावीकडे वळत जातात. गाडी ५०० सीसीची, एकच सिलिंडर, एकच गिअर, ब्रेक अजिबात नाही. पेट्रोलऐवजी मिथेनॉल. समोरची फीत वर उडाली की चौघे सुटतात आणि मिनिटभरात डाव संपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची आणि लोखंडी तळ लावलेला डावा बूट मातीवर टेकवत तोल सांभाळायचा. थांबायचे असेल तर रेस सोडायची. इंजिनच गाडीला मागे खेचते आणि आडवे झालेले चाक मातीत घासून वेग खाते. इतक्या दाटीत एकाने अचानक ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावरच आदळेल, म्हणून ब्रेक नको.

१९२३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड गावच्या प्रदर्शनाच्या मैदानावर जॉनी हॉस्किन्स यांनी अशा शर्यती भरवल्या, तिथून या खेळाचे नाव झाले. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीच इथे शर्यत झाली आणि हजारोंची गर्दी लोटली. मग इंग्लंडच्या कारखानदारीच्या शहरांत मैदाने निघाली. दिवसभर गोदीत, गिरणीत राबलेला माणूस संध्याकाळी बायको-पोरांना घेऊन तिथे जायचा. गाड्यांच्या इंजिनात एरंडेलापासून केलेले तेल असायचे. ते जळल्याचा वास आजही जुन्या शौकिनांच्या नाकात आहे. साठी-सत्तरीतले लोक त्या वासाबद्दल असे बोलतात, जसे आपण आईच्या चुलीच्या धुराबद्दल बोलतो.

भाच्याला आम्ही तीन माणसांच्या गोष्टी सांगितल्या.

पहिला ब्लुई विल्किन्सन. ऑस्ट्रेलियाच्या बॅथर्स्ट गावचा, तांबड्या केसांचा गडी. १९३६ साली वेम्बली मैदानावर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या रात्री ब्लुई आपले पाचही डाव जिंकला. १५ पैकी १५ गुण. पण नियम असा की आधीच्या फेऱ्यांतले जादा गुण मिळवायचे. त्या हिशेबात तो तिसरा गेला आणि लायोनेल व्हॅन प्राग विजेता ठरला. पाचही शर्यती जिंकून तिसरा! पण ब्लुई रुसून घरी बसला नाही. दोन वर्षांनी, १९३८ साली, त्याच वेम्बलीवर त्याने अजिंक्यपद घेतले.

दुसरा पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा, चणीने लहान, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा लाडका. १९५५ आणि १९६२ साली जगज्जेता. त्याच्यासारखा तोल कुणाला साधला नाही असे म्हणतात. २० सप्टेंबर १९६३ ला एडिनबरोत सामना होता. त्याच्या पुढचा स्वार जॉर्ज हंटर पडला. क्रेव्हनने त्याला चुकवण्यासाठी गाडी वळवली आणि स्वतः कठड्यावर आदळला. चार दिवसांनी तो गेला. वय २९. हंटर वाचला.

तिसरा आमच्या चित्रातला मॉगर. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो आपल्या तरुण बायकोसह, रेसह, न्यूझीलंडहून लंडनला आला. विम्बल्डनच्या संघात जम बसला नाही. मैदानावर पडेल ते काम करून दिवस काढले आणि शेवटी परत मायदेशी गेला. गावाने म्हटले असेल, झाले याचे. पण १९६३ साली तो पुन्हा आला, न्यूकॅसलकडून खेळला, आणि १९६८, १९६९, १९७० अशी सलग तीन वर्षे जगज्जेता झाला. पुढे १९७२, १९७७ आणि १९७९. एकूण सहा वेळा. २०१८ साली तो वारला, त्या दिवशी आम्ही चित्राची काच पुसली.

भाचा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मग ती मैदानं आता आहेत का?"

बरीचशी नाहीत, वाचकहो. वेम्बलीवर १९८१ साली शेवटची जागतिक अंतिम स्पर्धा झाली, अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला, तेव्हा नव्वद हजारांवर माणूस होता. मँचेस्टरचे हाइड रोडचे मैदान १९८७ साली विकले गेले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मनमोर ग्रीनवर २०२३ नंतर स्पीडवे थांबला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जमिनीला भाव आला की गरिबांची करमणूक आधी उठते.

सगळेच संपले असे मात्र नाही. मँचेस्टरमध्ये २०१६ साली नवे मैदान उभे राहिले. पोलंडमध्ये आजही या खेळाला तुडुंब गर्दी होते. तिथल्या बार्टोश झ्मार्झलिकने २०२५ साली सहावे अजिंक्यपद घेऊन मॉगरची बरोबरी केली.

लंडनच्या पूर्वेला, गोदी कामगारांच्या कस्टम हाउस भागात, वेस्ट हॅमचे अवाढव्य मैदान होते. १९७२ साली ते पाडले आणि तिथे घरे बांधली. पण त्या वस्तीतल्या रस्त्यांना स्वारांची नावे दिली. ज्याने हा खेळ गाजवला त्या हॉस्किन्सचे नाव आहे, दोनदा जगज्जेता झालेल्या जॅक यंगचे आहे, आणि आपल्या ब्लुईचेही आहे. विल्किन्सन रोड. आज तिथल्या पोरांना तो कोण होता हे ठाऊक नसेलही. पण पत्ता सांगताना त्याचे नाव तोंडी येतेच. मैदान वाचवता आले नाही, तरी कुणीतरी नावे वाचवली. आपल्या वस्त्यांचा पुनर्विकास होतो तेव्हा आपण नावे कुणाची ठेवतो, हा विचार त्यावरून आमच्या मनात आला.

"ब्लुईचं पुढे काय झालं?" भाच्याने विचारले.

हे सांगायचे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. ब्लुईने शर्यती सोडल्या आणि तो मायदेशी परतला. १९४० साली सिडनीत, साध्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. तिशीही गाठली नव्हती. इतकी वर्षे ब्रेक नसलेल्या गाडीवर कठड्याला घासून गेलेला माणूस, ब्रेक असलेल्या रस्त्यावर गेला. मैदानात चौघेही एकाच दिशेने जातात, चौघांनाही खेळ येतो, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असते. रस्त्यावर समोरून कोण येईल याचा नेम नसतो.

आम्ही उपदेश केला नाही. उपदेश पोरांना आवडत नाही, आम्हालाही त्या वयात आवडत नव्हता. हिने भाच्याच्या डब्यात ताईसाठी चार पुरणपोळ्या बांधून दिल्या. तो खाली उतरला, गाडीपाशी उभा राहिला, थोडा वेळ कोपरातल्या हेल्मेटकडे पाहिले. मग ते डोक्यावर घालून पट्टा लावला.

"मामा, पुढच्या वेळी त्या चित्राला नवी काच बसवून देतो," असे वर बघून म्हणाला आणि गेला.

ज्यांच्या घरी हप्त्यावरची गाडी आहे आणि तिच्यावर बसणारा तरुण पोरगा आहे, त्यांनी ही गोष्ट आज जेवताना त्याला सांगावी. एवढेच मागणे.