जैद सिंह आहे, पण कोणत्या भाषेत?

‘जैद सिंहासारखा शूर आहे.’ इंग्रजीच्या तासाला आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि सांगतो, ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की सिमिली. मग ‘जैद सिंह आहे’ लिहितो आणि सांगतो, ते शब्द नाहीत म्हणून मेटॅफर. मुले पाठ करतात, गुण मिळवतात. पुढे हीच मुले बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतात आणि कवितेसमोर मुकी बसतात. ‘मुलांचा पायाच कच्चा’ असे म्हणून आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक मोकळे होतो. पण तो पाया घातला कोणी?

त्याच वर्गात आदल्या तासाला तश्बीह आणि इस्तिआरा शिकवून झालेले असते. पुढच्या तासाला मराठीच्या मॅडम उपमा आणि रूपक शिकवतात. एकाच मुलाच्या डोक्यात तीन खोल्या आणि मध्ये एकही दार नाही. हे दार आम्हीच ठेवले नाही.

यावर आमचेच काही सहकारी म्हणतात, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, उर्दू-मराठी मध्ये आणली की मुले बिघडतात. आम्ही विचारतो, ‘आय लाइक मँगोज’ या वाक्यात सिमिली शोधणारे मूल कोणी बिघडवले? उर्दूने की गाइडातल्या व्याख्येने?

दुसरे सहकारी उत्साही आहेत. ते तक्ता करून भिंतीवर लावतात : सिमिली म्हणजे तश्बीह म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे इस्तिआरा म्हणजे रूपक. हेत चांगला, पण तक्ता खोटा. ‘जैद सिंह आहे’ हे इंग्रजीत मेटॅफर, मराठीत रूपक. पण अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर जुर्जानींच्या मते ती तश्बीहच, कारण जैद आणि सिंह दोघेही वाक्यात हजर आहेत. जैदचे नाव न घेता ‘मी सिंह पाहिला’ म्हटले, तर तो इस्तिआरा. एलेजी आणि मर्सिया यांचेही तसेच. ग्रे याची १७५१ ची एलेजी गावच्या अनाम मृतांवर चिंतन करते. मीर अनीस यांचा मर्सिया करबलाची कथा सांगतो, त्यात रणही आहे. हा फरक समजावून सांगणे हेच तर साहित्य शिकवणे.

संज्ञा प्रवासात बदलतात. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘पोएटिक्स’ दहाव्या शतकात अरबीत आले. अरबांकडे नाटक नव्हते. म्हणून इब्न रुश्द यांनी ट्रॅजेडीला स्तुतिकाव्य आणि कॉमेडीला निंदाकाव्य मानले. चूक खरी, पण त्यांचेच भाष्य १२५६ मध्ये टोलेडो येथे लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यातून वाचले. इंग्रजी संज्ञा पाहून खाली मान घालणाऱ्या मुलाला आम्ही हे कधी सांगितले?

उलटा प्रवासही सांगायला हवा. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजली’त (१९३३) गझल मराठीत रुजवली. आगा शाहिद अलींनी २००० मध्ये इंग्रजी गझलांचा संग्रह संपादित केला, तेव्हा काफिया आणि रदीफ हे शब्द तसेच ठेवले. इंग्रजीनेच आमच्या संज्ञा घेतल्या. आणि अ‍ॅलेगरी शिकवायची तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आहे. आत्म्याची लढाई रणाच्या रूपकातून सांगणारा हा मुस्लिम संतकवी उर्दू शाळेतल्या मुलाला ठाऊक नसावा, ही लाज मुलाची नाही.

मराठी वाचले तर उर्दू जाईल, ही भीती आम्ही घरात जपली. उर्दू परकी, हा समज शेजाऱ्यांनी जपला. दोन्हींची किंमत मुलाने मोजली. आम्हाला नवे पुस्तक नको, नवे अनुदान नको. तिन्ही भाषांच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एकाच फळ्यासमोर उभे राहावे, एवढेच मागतो. फळ्यावर वाक्य जुनेच असू द्या : जैद सिंह आहे. मुलांना भांडू द्या. त्या भांडणातच त्यांना कविता कळेल.