आधी कागद, मग संगणक



मागील महिन्यात नववीच्या मुलांच्या हातून शाळेचा एक छोटा संगणक जळाला. ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचलीच आहे. "मुलांच्या हाती अशा वस्तू द्याव्यातच कशाला?" असा प्रश्न पालक सभेत निघाला. प्रश्न रास्त आहे, म्हणून आमचे म्हणणे येथे मांडत आहोत.

आपल्या गच्चीवरील टाकी भरून वाहते. इंदूरसारख्या शहरात, जेथे नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते, तेथे हे शोभत नाही. टाकी भरत आली की घंटा वाजावी, असे यंत्र मुलांनी योजले. त्यासाठी 'रास्पबेरी पाय' हा हाताच्या पंजाएवढा संगणक आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घेतला. सेन्सरचा परतीचा संकेत ५ व्होल्टचा. या संगणकाच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. मध्ये दोन साधे रेझिस्टर लावायचे होते. मुलांनी तार थेट जोडली.

चूक कोणाची? आमच्या मते मुलांची कमी, आमची अधिक. आम्ही सामान आधी दिले आणि आराखडा मागितलाच नाही.

आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. त्या काळी महाविद्यालयात संगणक वातानुकूलित खोलीत असे. चपला बाहेर काढून आत जायचे आणि लांबूनच पाहायचे. ती भीती पुढे कितीतरी वर्षे आमच्या बोटांत राहिली. आपल्या मुलांच्या वाट्याला ती येऊ नये.

'रास्पबेरी पाय' जन्मला तोच या विचारातून. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्यांची संख्या आणि तयारी घटत आहे, हे इंग्लंडमधील केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. मुलांना स्वतःचा, उघडा, खटपट करता येईल असा स्वस्त संगणक मिळावा म्हणून त्यांनी तो घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला, तेव्हा किंमत होती ३५ डॉलर.

तरीही स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. म्हणून यापुढे सामान मागण्याआधी प्रत्येक गटाने एका कागदावर चार गोष्टी लिहून द्यायच्या: काम कोणते, त्याला लहानात लहान यंत्र कोणते पुरेल, प्रत्येक तारेत किती व्होल्ट, आणि वीज अचानक गेली तर काय होईल.

हा कागद आधी लिहिला असता तर दुसरी गोष्टही ध्यानात आली असती. टाकीच्या घंटेसाठी संपूर्ण संगणक लागतच नाही. २०२१ साली ४ डॉलरला आलेला 'पिको' बोर्ड पुरतो. त्यात मेमरी कार्ड नाही, त्यामुळे वीज गेल्यावर कार्ड बिघडण्याची धास्ती नाही. रेझिस्टर मात्र तेथेही लावावेच लागतात.

हा कागद मराठीत लिहावा, असा आमचा आग्रह आहे. व्होल्ट आणि सेन्सर हे शब्द खुशाल तसेच राहू द्या. पण घरी आजीने विचारले, "काय करतोस रे?" तर तिला समजेल असे सांगता आले पाहिजे. जे सांगता येत नाही, ते बहुधा समजलेलेही नसते.

विश्वस्त मंडळाला विनंती की, प्रयोगशाळेच्या वार्षिक खर्चात 'मोडतोड' या नावाने एक छोटी रक्कम ठेवावी. आराखडा मंजूर होऊनही काही जळाले, तर ती रक्कम वापरावी. आराखडा नसेल तर वापरू नये. पालकांना विनंती एवढीच की, त्या दिवशी मुलाला "किती नुकसान केलेस?" असे विचारण्याआधी "कशामुळे जळले?" असे विचारावे.

त्या गटाने नवा कागद आणून दिला आहे. त्यात दोन्ही रेझिस्टर आहेत.