हुतात्मा न झालेला मासा

मिनो हा युरोपातल्या थंड, वाहत्या नद्यांमधला एक बोटभर मासा. आपल्या रोहू-कटल्याच्या दूरच्या भावकीतला. तिकडे मोठा मासा धरायला त्याला गळाला लावतात, एवढीच त्याची किंमत! पण त्याची एक गोष्ट गेले काही दिवस माझ्या डोक्यात घोळते आहे.

कार्ल फॉन फ्रिश हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे, १९७३ चं नोबेल मिळालेले, तेच. त्यांनी १९३८ साली लिहून ठेवलं, की जखमी मिनो कळपात सोडला की बाकीचे बिथरतात, एकमेकांना चिकटतात आणि पळ काढतात. कारण वास. या माशाच्या कातडीत काही खास पेशी असतात. त्यांना बाहेर तोंडच नसतं. कातडी फाटली तरच आतलं द्रव्य पाण्यात मिसळतं. फ्रिशनी त्याला नाव दिलं 'श्रेकस्टॉफ', म्हणजे भीतीचं द्रव्य.

हे ऐकलं की आपण लगेच गहिवरतो. "बघा, मरता मरता भाऊबंदांना सावध करून गेला!" मला हे मुळीच पटत नाही. त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नाही, त्याला कुणीतरी चावलं, बस. मेल्यावर त्या इशाऱ्याचा त्याला काय उपयोग? म्हणूनच, या पेशी मुळात जंतू-परजीवींपासून कातडी राखण्यासाठी असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे कौतुक करायचंच तर पळणाऱ्यांचं करा. ज्यांना त्या वासाचा अर्थ कळला ते वाचले, आणि त्यांचीच पिल्लं पुढे वाढली.

आपलं नेमकं उलटं. धोक्याच्या वळणावर किंवा गटार साफ करताना कुणी गेलं, की आपण म्हणतो, 'त्याचं बलिदान व्यर्थ जाणार नाही.' अहो, कसलं बलिदान? तो कामावर निघाला होता, त्याला घरी परत यायचं होतं! त्याला हुतात्मा केलं की आपलं काम संपतं. हार घातला, फोटो लावला, झालं. वळण तसंच, गटारही तसंच.

मेलेल्याने संदेश दिला, असं म्हणणं सोपं आहे. तो वाचायची जबाबदारी मात्र जिवंत असलेल्यांची. मिनोच्या कळपाला भाषण येत नाही, पण पहिल्या वासालाच तो जागा सोडतो.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.