फॉर्म तीन, डोकं एक

बारावीच्या पोरापोरींनो आणि त्यांच्या आईबापांनो,

उस्मानपुऱ्यात, सिडकोत, औरंगपुऱ्यात क्लासच्या काउंटरवर एक वाक्य फुकट मिळतं : "जेईई केली की सीईटी आपोआप निघते." फी मात्र जेईईची लागते. ज्याच्या हातात दिवसाचे आठ तास आहेत, त्याच्यापुरतं हे वाक्य बरंचसं खरं आहे. फुलंब्रीहून एसटीने येऊन कॉलेज करणाऱ्या, घरी गेल्यावर गोठ्यातलं काम उरकून रात्री दोन तास वही उघडणाऱ्या पोरीसाठी ते साफ खोटं आहे. आणि या शहरात अशी पोरं कमी नाहीत.

हिशेब करून बघा. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं चोवीस सेकंद. सीईटीत भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत. प्रश्नाला चोपन्न सेकंद. जेईईत उत्तर चुकलं की एक गुण कापतात, म्हणून पोरगं अडलेला प्रश्न सोडून द्यायला शिकतं. सीईटीत गुण कापत नाहीत. तिथं प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे ताटातली भाकरी परत देणं. दोन वर्षं मुरवलेली सवय एप्रिलच्या चार दिवसांत कशी मोडणार? कबड्डी आणि खो-खो दोन्ही मातीतच खेळतात, म्हणून कबड्डीच्या चढाईपटूला कुणी खांबाजवळ उभं करत नाही.

दुसरी गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बाकी बारावी. म्हणजे बोर्डाच्या पेपरासाठी वाचलेलं तेच पाठ्यपुस्तक दुसऱ्यांदा कामाला येतं. जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. ज्याच्याकडे वेळच थोडा, त्याने एका वाचनात दोन परीक्षा साधणारं पुस्तक धरायचं की तिसरं ओझं घ्यायचं?

आधी जागा ठरवा, परीक्षा तीच सांगेल. स्टेशन रोडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून उभं आहे. तिथं आपल्या राज्यातल्या मुलांसाठी पहिला मान सीईटीच्या पर्सेंटाइलला. पवईची आयआयटी किंवा नागपूरची एनआयटीच हवी असेल, आणि वेळही असेल, तर खुशाल जेईई धरा, सीईटीला शेवटचे काही आठवडे द्या. उलटं करू नका. डॉक्टरकीचा प्रश्न तर उरलेलाच नाही. २०१६ नंतर घाटीतली एमबीबीएसची जागा असो की बीएएमएस-बीएचएमएस, वाट नीटचीच. फार्मसी किंवा कृषी हवी असेल तर सीईटीचा पीसीबी गट पुरतो. त्यासाठी नीटचा ७२० गुणांचा डोंगर चढायची गरज नाही.

सगळ्यात जास्त राग मला "दोन्ही ग्रुप घे, दार उघडं राहील" या सल्ल्याचा येतो. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन पोरगं जेईई, नीट, सीईटी असे तीन फॉर्म भरतं. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई आणि सीईटी, मे उजाडला की नीट. एवढी दारं उघडी ठेवल्यावर घरात फक्त धूळ येते.

मोठ्या भावाचं ऐकतानाही जरा जपून. २०१४ आणि २०१५ साली राज्याने अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई आणि बारावीच्या गुणांवर दिले होते. २०१६ ला सीईटी परत आली. त्या दोन वर्षांतल्या दादाचा सल्ला त्याच्या काळी बरोबर होता.

बोर्डाला मात्र हलकं धरू नका. खुल्या वर्गाला अभियांत्रिकीसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०. पर्सेंटाइल कितीही आलं तरी. एनआयटीला जेईईतून जायचं तर खुल्या वर्गाला बारावीत ७५ टक्के, नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव.

या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. तिथं दिवसाचे चोवीस तास लिहा. झोप, कॉलेज, एसटी, घरचं काम, मोबाइल वजा करा. मोबाइलचा आकडा खरा लिहा. जो आकडा उरेल तो घेऊन क्लासच्या काउंटरवर जा आणि विचारा : एवढ्या तासांत तुम्ही माझ्याकडून कोणती एक परीक्षा करून घ्याल? आणि भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेत त्यांच्याबरोबर त्या वर्षी एकूण किती पोरं बसली होती, तेही विचारा.

— गणिताचा एक निवृत्त मास्तर, छत्रपती संभाजीनगर