स्पायडरमॅनचं लग्न झालंय का?

परवा ताई आणि भाचा जेवायला आले होते. भाच्याचं वय नऊ, अंगात लाल-निळा टी-शर्ट आणि त्यावर कोळ्याचं जाळं. जेवताना मधेच त्याने विचारलं, "मामा, स्पायडरमॅनचं लग्न झालंय का?"

मी म्हटलं, "हो, झालंय." आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे झालं होतं. म्हणजे आता झालेलं नाहीये. म्हणजे.. कधी झालंच नव्हतं."

ताईने असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी मुकाट्याने आमटी ओरपायला लागलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं पोटात ठेवलेला राग वर आला. तो आज इथे काढून टाकतो. ज्यांना कॉमिक्सशी काही देणंघेणं नाही त्यांनी (आई, तूसुद्धा) निदान शेवटचा भाग वाचा. त्यात आजी आहे.

तर गोष्ट अशी. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 1962 साली पीटर पार्करला जन्माला घातलं तेव्हा तो शाळेत होता. चष्मा, अभ्यास, घरी म्हातारी काकू, पैशांची कायम चणचण. पण इतर हिरोंसारखा तो एका जागी गोठून राहिला नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, नोकरीची मारामार झाली. 1973 मध्ये त्याची मैत्रीण ग्वेन स्टेसी गेली, आणि तीही त्याने तिला वाचवायला फेकलेल्या जाळ्याच्या हिसक्याने. शेवटी 1987 मध्ये त्याने मेरी जेनशी लग्न केलं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर या लग्नाचा खराखुरा सोहळा झाला होता आणि लग्न लावायला भटजी म्हणून खुद्द स्टॅन ली उभे होते! :)

मी हे सगळं उलटसुलट क्रमाने वाचलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जो जुना अंक हाताला लागेल तो घ्यायचा. त्यामुळे माझ्यासाठी आधी लग्न झालं, मग ग्वेन गेली, मग पीटर शाळेत गेला. तरी हा माणूस आपल्याबरोबर मोठा होतोय असंच वाटायचं.

मग आली 2007 मधली 'वन मोअर डे'. आदल्या वर्षीच्या 'सिव्हिल वॉर'मध्ये पीटरने जगासमोर मुखवटा काढला होता. त्याचा सूड म्हणून त्याच्यावर झाडलेली गोळी मे काकूला लागते. डॉक्टर हात टेकतात, डॉक्टर स्ट्रेंजसारखा जादूगारही काही करू शकत नाही. तेव्हा मेफिस्टो नावाचा सैतान येतो आणि म्हणतो, काकूला वाचवतो, पण बदल्यात तुमचं लग्न द्या. घटस्फोट नाही, ताटातूट नाही. लग्न झालंच नव्हतं असं होणार, आणि ते दोघांनाही आठवणार नाही. आणि आमचा हिरो हे कबूल करतो!

त्या वेळी मार्व्हलचे मुख्य संपादक जो केसाडा होते आणि या कथेची चित्रंही त्यांचीच होती. लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा वाटतो, हे त्यांचं म्हणणं. घटस्फोटित किंवा विधुर केला तर आणखीच म्हातारा वाटेल, म्हणून लग्नच पुसून टाका. कथेचे लेखक स्ट्रॅझिन्स्की यांना हा शेवट इतका खटकला की शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढून टाकावं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलंही. पुढे 2010 मध्ये कंपनीने खुलासा दिला की लग्नाच्या दिवशी पीटर वेळेवर पोचलाच नव्हता. म्हणजे 20 वर्षं आम्ही वाचत होतो तो संसार, पण मुहूर्तच चुकला होता..

आता कोणी म्हणेल, चाहते काय, कायमच ओरडतात. खरं आहे. ग्वेन गेली तेव्हाही लोक लेखक गेरी कॉनवेवर तुटून पडले होते. आणि चाहते काही संत नाहीत. 1988 मध्ये बॅटमनच्या दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, जगवायचं की मारायचं यावर डीसीने फोनवर मतं मागवली. मारा म्हणणारे 5,343 आणि जगवा म्हणणारे 5,271. फक्त 72 मतांनी पोरगं गेलं. तेव्हा हिरोंचं भलं फक्त चाहत्यांनाच कळतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण माझ्या मते या दोन रागांत फरक आहे. ग्वेनचा मृत्यू हे दुःख होतं. कॉनवेने जे घडवलं ते निस्तरलंसुद्धा. पुढच्याच अंकाच्या शेवटी पीटर मेरी जेनवर खेकसतो, तिला निघून जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते, आणि बाहेर न पडता दार आतून लावून घेते. उथळ वाटणारी ती मुलगी त्या एका पानावर मोठी झाली. पुढचं लग्न त्या बंद दारातूनच आलं. हिरोला रडवा, मारा, कंगाल करा, लेखकाला सगळं माफ आहे. पण वाचकाने त्याच्याबरोबर काढलेली वर्षं 'झालीच नाहीत' म्हणून परत मागू नका. ते दुःख नाही, ती फसवणूक आहे.

आणि लग्न केल्याने हिरो खरंच म्हातारा होतो का हो? आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत यायचा तो वेताळ आठवा. ली फॉक यांनी 1936 मध्ये त्याला सुरू केलं, 1977 मध्ये डायनाशी त्याचं लग्न लावलं आणि 1979 मध्ये त्यांना जुळं झालं. फॉक 1999 मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले, पण तो संसार काही त्यांनी मोडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लायब्ररीतल्या त्या अंकांसाठी दादाची आणि माझी मारामारी व्हायची. बायकोमुलं आहेत म्हणून वेताळाच्या ठोशातला जोर कमी झालाय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

माझा खरा राग मात्र मे काकूवरून आहे. इंग्रजीत ती नुसती आँट, पण आपल्या हिशेबाने ती काकू. बेनकाका गेल्यावर एकटीने पुतण्याला वाढवणारी. या सौद्यात तिला कोणी काही विचारलंच नाही.

2001 मध्ये दादाचं लग्न ठरलं आणि आठवडाभर आधी आजी हॉस्पिटलमध्ये. मुहूर्त पुढे ढकलायचं सगळ्यांच्या मनात होतं. आजीने बाबांना जवळ बोलावून सांगितलं, "माझ्यापायी पोराचं लग्न थांबवलंत तर याद राखा." लग्न लागल्यावर दादा-वहिनी मुंडावळ्या न काढता तसेच हॉस्पिटलात आले. आजीने वहिनीच्या शालूचा पदर हातात घेऊन जर कुठला ते विचारलं. नवव्या दिवशी ती गेली.

आता समजा, त्या रात्री कोणी येऊन म्हणालं असतं की म्हातारीला आणखी दहा वर्षं देतो, पण हे लग्न पुसायचं. दादा काय म्हणाला असता ते मला माहीत नाही. आजी काय म्हणाली असती ते मात्र आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मे काकूला कोणी नुसतं विचारलं असतं, तर ती कथा चार पानांत आटोपली असती.

असो. 2024 मध्ये मार्व्हलने जोनाथन हिकमनकडून वेगळ्या विश्वातला स्पायडरमॅन सुरू केला. त्यात पीटर पस्तिशीच्या आसपासचा, मेरी जेन त्याची बायको आणि दोन पोरं. त्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. म्हणजे आम्हाला म्हातारा स्पायडरमॅन चालतो तर!

भाच्याला मी रात्री फोन करून सांगितलं, "हो रे, झालंय लग्न. 1987 मध्ये."

"नक्की?"

"नक्की. मी वाचलंय ना."